मी ऐकलेली मिरेय

मित्रांनो, माझ्या जाळीला आता गंज चढला आहे आणि घसाही खरखरतो. पण या जुन्या माईकसमोर एके काळी अख्खा सिनेमा बोलला गेला आहे, बरं का!

माझा जन्म पॅरिसजवळच्या एका कारखान्यात झाला. पहिली वर्षे रेडिओवर हवामानाच्या बातम्या ऐकण्यात गेली. कंटाळून गेलो होतो नुसता! मग १९६३ साली ओदाँ नावाच्या दिग्दर्शकाने मला पॅरिसलगतच्या मोंत्रई गावातल्या एका रिकाम्या गोदामात आणले. तिथली मंडळी वेडीच म्हणायची. एस्परान्तो ही मुद्दाम घडवलेली भाषा, सगळ्यांना सारखीच परकी, म्हणून सगळ्यांची. त्या भाषेत त्यांना सिनेमा काढायचा होता. कोटावर या भाषेची खूण म्हणून हिरवा तारा लावायचा आणि आपापसात फ्रेंचचा एक शब्द काढायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. कुणी चुकलाच, तर त्याला 'मगर' म्हणून चिडवत.

नायिका मिरेय मात्र बाहेरची. तीन आठवड्यांत भाषा शिकून, संवाद घोकून आलेली. उच्चार तपासायला काबाने नावाचे मास्तर अगदी तिच्याजवळ बसत. तीस वर्षे हीच भाषा शिकवलेले गृहस्थ, नाकावर माशी बसू देत नसत. ही नुसती पोपटपंची आहे, हिला काढा, असा त्यांचा रोजचा हेका. शेवटी ठरले की स्वयंपाकघराचा प्रसंग आज जमला नाही, तर मिरेय घरी. बिचारी पुन्हा पुन्हा संवाद पुटपुटत होती. मीही मनात तिच्याबरोबर घोकत होतो.

एरवी या प्रसंगातली किटली रिकामी असे. त्या दिवशी वाफ दिसावी म्हणून मास्तरांनीच तीत कढत कॉफी भरून ठेवली होती. मिरेयने किटली उचलली, बोटे पोळली आणि किटली हातातून सुटली.

"आई गं, भाजलं! मास्तर, पाय मागे घ्या!" ती ओरडली. चक्क एस्परान्तोत! हे वाक्य कुठल्याच कागदावर नव्हते.

आणि मास्तर? बुटांवर कॉफी पडताच ते कळवळले, तेही अस्सल फ्रेंचमध्ये.

 मग ओदाँने हळूच विचारले, "आता मगर कोण, मास्तर?"

हशा पिकला. मास्तर लाजले. मिरेयचा हात थंड पाण्यात धरून म्हणाले, "मगर मीच. पोरी, दुखलं की जी तोंडात येते, ती भाषा आपली. तू कुठं जात नाहीस."

पुढच्या उन्हाळ्यात एस्परान्तोच्या संमेलनात सिनेमा लागला. बल्गेरियातले, जपानमधले लोक शेजारी बसून एकाच वेळी हसले, एकाच वेळी रडले. मी धन्य झालो.

आज मी कपाटात पडून आहे, पण तक्रार नाही. मित्रांनो, मला पुसलेत तर बरेच वाटेल. मात्र कुणी नवी भाषा अडखळत बोलू लागला, तर त्याला हसू नका. बोलू द्या. आम्ही माईक त्याच्यासाठीच तर जन्माला येतो.