दर दहा मिनिटांची नोंद

दिनांक २४ एप्रिल २०२१, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. कचरू साळवे यांनी सकाळी दहापासूनचे एकोणतिसावे माप घेतले. बोटावरच्या ऑक्सिमीटरच्या चिमट्यात ब्याण्णव आणि त्र्याण्णव हे आकडे आळीपाळीने उमटत होते. त्यांनी खालचा धरला आणि वहीत लिहिला.

नगरच्या आयटीआयमधून फिटर होऊन निघालेल्या या गृहस्थांनी देवळाली प्रवरेजवळच्या एका पंपघरात तेहतीस वर्षे काढली होती. दर तासाला व्होल्टेज, अँपिअर आणि दाब लिहिल्याखेरीज त्यांनी चहाला तोंड लावले नव्हते. निवृत्तीनंतर कोरोनाने मागच्या खोलीत कोंडले, तेव्हा तीच शिस्त त्यांनी स्वतःच्या देहाला लावली. फक्त तासाची दहा मिनिटे केली.

डॉक्टरांनी फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. होता होईल तेवढा वेळ पालथे पडून राहायचे, आणि सायंकाळी सहाला आकडा चौऱ्याण्णवच्या आत असला तर नगरला न्यायचे. थोरले बंधू भीमा नगरलाच गेले होते. त्यांची पिशवी तेवढी परत आली. आत टॉवेल, चष्मा आणि मोबाईल.

खिडकीच्या गजांपलीकडे त्यांची पत्नी बनाबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

"किती आला?"

"ब्याण्णव."

"आन् मगाशी?"

"त्र्याण्णव. त्याच्या आदी ब्याण्णव. आलेख काढून दावू का?"

"आलेख घाला चुलीत. पालथं किती येळ झोपला?"

कचरूंनी वही चाळली. तो रकानाच त्यांनी आखला नव्हता.

"आवं, दर दहा मिन्टाला उठून बसता, चष्मा लावता, लिवता. मग पालथं पडायचं कवा? मोटारीचं झाकन घडीघडी उघडून बघितलं, तर ती पानी कवा वढंल?"

"नोंद राहून जाती की मग."

"ऱ्हाऊ द्या. लगीन लागताना बी तुमी घड्याळच बघत हुता."

"चार मिन्टं उशीर झाला हुता."

"द्या ते हिकडं. आता सांजच्याला सा वाजता."

गजांतून आलेल्या फडक्यावर त्यांनी चिमटा ठेवला. बनाबाई तो गुंडाळून घेऊन गेली.

कचरू उशी छातीखाली घेऊन पालथे झाले. प्रथम बोट रिकामे वाटले, मग हात, मग सगळे अंगच. पत्र्याच्या भोकांतून उतरलेले उन्हाचे कवडसे फरशीवरून मुंगीच्या पावलाने सरकत होते. कुठून तरी कडुनिंबाच्या मोहराचा कडवट-गोड वास आल्यासारखा वाटत होता. वास तर आठवड्यापूर्वीच गेला होता, त्यामुळे तो खरा की आठवणीतला, हे त्यांनी ठरवले नाही. बाहेर बनाबाईचे सूप हलू लागले. दोन फटके, एक हेलकावा. दोन फटके, एक हेलकावा. श्वास हळूच त्या चालीवर गेला. आपण पाण्याच्या मोठ्या टाकीत तरंगतो आहोत, मोटार बंद आहे आणि गावात कुणालाही तहान लागलेली नाही, असे त्यांना वाटत राहिले. शेजारून भीमाही पोहत गेला, चष्मा न भिजवता.

जाग आली तेव्हा कवडसे भिंतीवर चढून तांबूस झाले होते. सूप चालूच होते. पण त्याचा आवाज बदलला होता. मोटार पाण्यावर चालते की रिकामी फिरते, हे कानाने ओळखण्यात त्यांचा जन्म गेलेला. सुपात कोंडा नव्हता, खडा नव्हता. पाखडून झालेले गहूच पुन्हा पाखडले जात होते.

"बना, गहू किती राहिलं?"

सूप थांबले.

"लई हाय अजून," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने चिमटा घेऊन खिडकीशी आली. "सा वाजले."

त्यांनी बोट चिमट्यात घातले. चष्मा शोधला नाही. हात गजांकडे धरला.

"तूच वाच."

तिने वाचले, पुन्हा वाचले, आकडा सांगितला आणि चिमटा फडक्यात गुंडाळून घेतला. बाहेर सूप पुन्हा हलू लागले.

कचरूंच्या वहीत त्या दुपारच्या तीन तास वीस मिनिटांपुढे काही लिहिलेले नाही. खाली एकच ओळ आहे. सायंकाळी सहा: पंचाण्णव.