वाग्रामची लढाई जामसरच्या नागलीत

कोंडीची नागली कापणीला आली होती. दोन दिवसांत विळा लावायचा असं ती म्हणत होती, तेवढ्यात जव्हारहून शिकारखात्याचा कामदार जामसरला आला आणि वेठीचा हुकूम सांगून गेला. उद्या सकाळी चाळीस गडी हजर पाहिजेत, आणि माळाखालचं कोंडीचं शेत कुणी कापायचं नाही.

संस्थानात एक म्हातारा गोरा साहेब पाहुणा आला होता. त्याला लढायांचं भारी वेड. नेपोलियनची फ्रेंच फौज आणि ऑस्ट्रियाची फौज वाग्राम नावाच्या गावी भिडल्याला त्या साली, म्हणजे १९०९ मध्ये, शंभर वर्षं झाली होती. ती लढाई साहेबाला डोळ्यांनी पाहायची होती. वीस गड्यांना निळे पटके बांधले, ते फ्रेंच. वीस पांढऱ्या पटक्यांचे ऑस्ट्रियन. त्यांत कोंडीचा नवरा पुंजाही होता.

सकाळी कोंडी बांधावर आली. दुभाषा म्हणून शाळेचे सखा मास्तर तिथं उभे होते.

"मास्तर, माझंच शेत कशापायी?"

"खरी लढाई उभ्या पिकात झाली होती, बाई. तोफांमुळे पिकानं पेट घेतला. ज्या जखमींना उठता येईना, ते तिथंच जळाले."

"आन् पीक कुणाचं व्हतं?"

मास्तरांनी मान खाली घातली. "पुस्तकात लिहिलेलं नाही."

शिट्टी वाजली. निळे धावत आले. पांढऱ्यांनी नागलीतून मागं हटायचं होतं. पुंजा ताटं चुकवत, पाय उचलून टाकत चालला, तशी कामदारानं त्याच्या पाठीत काठी हाणली. "पळ! लढाई आहे ही!" मग पांढऱ्यांना मरून पडायचा हुकूम झाला. पुंजा आपल्याच नागलीवर आडवा झाला.

तेवढ्यात कामदारानं टेंभा पेटवला. "एक कोपरा पेटवायचाय. साहेबांना धूर हवा."

कोंडी तडक शेतात शिरली आणि पुंजाशेजारी बसली. "लाव आग. आमी हितंच हाव."

"उठा रे सगळे!" कामदार ओरडला. कुणी हललं नाही.

"मेलेत ना ते?" कोंडी म्हणाली. "तूच सांगितलंस मरा म्हणून. आता कसे उठतील?"

निळ्यांतला ढवळू पुढं आला नि तिच्याजवळ येऊन बसला. त्याच्यामागून बाकीचे निळेही.

खुर्चीवरून साहेबानं काय चाललंय ते विचारलं. "बाई वेडी आहे म्हणून सांगा," कामदार पुटपुटला. पण मास्तरांनी कोंडीचा शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. साहेब लालबुंद झाला. लढाईचा विचका केला म्हणाला आणि घोड्यावर बसून निघून गेला. टेंभा मातीत विझवावा लागला.

आठ दिवसांत मास्तरांची खोडाळ्याला बदली झाली. जामसरची माणसं माजलीत, असं कामदारानं वर कळवलं. निम्मी नागली मातीत गेली होती. ती गावानं बसून कणीस कणीस वेचली.

पुढं त्या लढाईच्या खेळाची बक्षिशी म्हणून साहेबाकडून गावाला गूळ आला. कामदारानं दारोदार ढेप फिरवली. कोंडीनं गुळाचा खडा हातात घेतला आणि त्याच्याच पायांशी फेकला.

"त्याला म्हनावं, आमी काय त्याचा तमाशा नाय," ती म्हणाली. "पुन्हा आला, तर शेताबाहेर उभा रहा म्हनावं."

कामदारानं काठी उचलली. ओटीवरून पुंजा उठून तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. काठी न मारताच खाली आली, आणि ढेप पुढच्या दाराकडे गेली.