विकलेल्या घोड्याचं दावं

आमच्या ओसरीतल्या खुंटीवर दाव्यांचा भला मोठा गठ्ठा लटकतो. माझे सासरे भिमाजी घोडेगावच्या बाजारात जनावरांचा व्यापार करतात आणि विकलेल्या प्रत्येक जनावराचं दावं घरी परत आणतात. जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही. दाव्याबरोबर घरची बरकत जाते, असं आमच्याकडे मानतात. घेणाराही कधी मागत नाही. तो आपलं नवं दावं बरोबर घेऊनच आलेला असतो.

बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही. पण इथे मी 'हे, हे' करत बसले तर कोण कुठले हे, ते तुम्हाला कळायचं नाही. तर आदिनाथ. एकुलता एक, बापासारखाच बोलका, पण बापाच्या बाजारात कधी पाय न टिकलेला. लंपीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद पडले, तेव्हा घरात बसून तो 'सातगड' खेळायला लागला. हा कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर खेळायचा खेळ. हजारो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी त्यात उतरतात आणि प्रत्येकाचं एक सोंग असतं. कुणी शिलेदार, कुणी वैद्य, कुणी सोनार. गड जिंकायचे, घोडे पाळायचे, हत्यारं घडवायची. आणि चार माणसं जमली की बाजार भरतोच. कुणी खपून तयार केलेलं सोंग दुसरा कुणी खऱ्या पैशाने विकत घ्यायचा. आदिनाथ त्यांच्यात मध्यस्थ झाला आणि चांगला चालला.

मी कपाळावर हात मारून घेतला होता. मामा, म्हणजे सासरे, म्हणाले, "ना खूर, ना शिंग, ना शेपूट. घेनारा बघतो तरी काय?" पण एकदा त्यांनी दारात उभं राहून पोराचा सौदा ऐकला. जेवताना म्हणाले, "बोलतो आपल्यावानीच. शब्द देऊन फिरत न्हाई." एवढं कौतुक त्यांनी घरच्या म्हशीचंही कधी केलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्या बाजाराला घरघर लागली. कंपनीने खेळात मशीनने चालणारी सोंगं सोडली. दिसायला, बोलायला अगदी माणसांसारखी. आदिनाथ भाव सांगायचा, समोरचा गोड आवाजात "चालेल दादा" म्हणायचा आणि घासाघीस न करता, काही न घेता निघून जायचा. "आत कुनीच न्हाई गं," आदिनाथ मला म्हणाला. "मान्सासारखं बोलतंय, पन आत कुनी न्हाई." त्याचा चेहरा पाहून मला भीती वाटली.

मग नोटीस आली. नव्या वर्षापासून खेळणाऱ्यांनी आपसात काही विकायचं नाही. दुकान एकट्या कंपनीचं. ज्याच्या नावावर सोंग असेल त्याचा चेहरा त्याला कायमचा जोडला जाणार. आणि ज्यांची सोंगं फार वरच्या पायरीला पोचलीत, अशा थोड्या जणांना कंपनी 'वाटाड्या' म्हणून पगारावर घेणार. घरी बसून नवख्या लोकांना खेळातली वाट दाखवायची. माणसासाठी तिथे एवढंच काम उरणार होतं.

आदिनाथचा 'नाथा' नावाचा शिलेदार आणि त्याचा अबलख घोडा तेवढ्या वरच्या पायरीचे होते. काम घरात चालून आलं असतं. पण तो नको म्हणाला. "आज वाटाड्या म्हनतील, उद्या तिथंबी मशीन बसवतील. त्यापरीस मी आबांसंगं बाजारात हुबा राहतो." मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण त्याच आठवड्यात पोरासाठी नवं उपरणं आणलं. उपरण्याखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा, तोंडाने बोलायचं नाही, ही बाजाराची जुनी रीत. बापलेक ओसरीत बसून तिचा सराव करायचे आणि मी चहा देताना हसायचे. मला बरं वाटत होतं, खरंच.

नाथाला गिऱ्हाईक मिळालं, ती पंकजा. पाथर्डीकडची. ती आणि तिचा नवरा बिभीषण दरवर्षी ऊसतोडीला जात. कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीत मोबाईलवर हा खेळ खेळता खेळता ती त्यात तरबेज झालेली. दसऱ्याच्या सुमारास दोघं आमच्या घरी आली.

"दादा, मला ते वाटाड्याचं काम पायजे," ती आदिनाथला म्हणाली. "मोळ्या उचलून पाठ गेली माझी. औंदा मुकादमाला न्हाई म्हनून सांगून टाकलंय."

शेळ्या विकून आणलेले पैसे तिने पुढे ठेवले. आदिनाथने नाथा तिला देऊन टाकला. मामा कोपऱ्यातून म्हणाले, "दावं देऊ नको रं."

आदिनाथ हसला. "ह्याचं दावं म्हंजी माझा मोबाईल नंबर, आबा. पयल्या दिवसापासनं त्यालाच बांधलाय नाथा."

तो नंबर काढून टाकता आला असता. पंकजाच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दादा. दावं कुनी मागतं व्हय? मी माझा नंबर जोडते शेजारी." एवढ्या सरळपणे म्हणाली की कुणाच्याच मनात काही आलं नाही. मी तिला हळदीकुंकू लावलं. दिवाळी झाली, ऊसतोडीचे ट्रक गावोगावचे लोक भरून गेले, आणि ती दोघं लग्नानंतर पहिल्यांदाच हिवाळ्यात आपल्या घरी राहिली.

नव्या वर्षाच्या पहिल्याच सकाळी तिचा फोन आला.

"दादा, ते म्हनतंय, हे तोंड मालकाचं न्हाई."

आदिनाथच्या मोबाईलवर तोवर अभिनंदनाचा निरोप येऊन पडलेला होता. कंपनीने सगळ्यात जुना नंबर धरला, त्या नंबराबरोबर पूर्वी कधीतरी दिलेला फोटो धरला, आणि नाथा आदिनाथच्या चेहऱ्याला जोडून टाकला. वाटाड्याचं कामही त्याच्याच नावावर.

त्याने कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं. "आपली अडचण मी समजू शकते. मालक बदलता येत नाही." त्याने पुन्हा लिहिलं, विनवण्या केल्या, एखाद्या माणसाशी बोलू द्या म्हणाला. "मीच आपल्या मदतीसाठी आहे," असं उत्तर आलं. ती गोडी वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या द्यायच्या तरी कुणाला?

दुसऱ्या दिवशी पंकजा आणि बिभीषण दारात. आदिनाथने तिचे पैसे आणून पुढे ठेवले. तिने हातही लावला नाही.

"पैशानं काय करू दादा? टोळी गेली, शेळ्या गेल्या. मला काम पायजे हुतं."

बिभीषण फारसं बोलत नाही. तो खाली बघून म्हणाला, "गावात लोक म्हनत्यात, घोडेगावच्या व्यापाऱ्यानं विकून परत घेतलं."

मामांचं तोंड उतरलं. त्यांच्या धंद्यात याहून वाईट बोलणं नाही. ते पोराला म्हणाले, "इकलेलं जनावर वाट धरून घरी आलं, तर मी ते घेनाऱ्याच्या दारात नेऊन बांधतो. सबूद म्हंजी सबूद."

"हे कसं नेऊन बांधू, आबा? त्याला माझं तोंड चिकटलंय."

"सोडून दे मग काम."

"सोडलं तर तिथं मशीन बसतंय. हिला काय मिळतंय?"

 मला राग आवरेना. कंपनीचा, त्या दाव्यांच्या गठ्ठ्याचा, आणि माझ्या नवऱ्याचाही. मी म्हणाले, "मग तोंड तुमचं, हात तिचे. बसा दोघं एका कॉम्प्युटरपुढं."

टोमणा मारला होता मी. पण पंकजाने मान वर केली, आदिनाथने तिच्याकडे पाहिलं, आणि मामा म्हणाले, "हां. तसं करा."

तसंच झालं. पंकजा आणि बिभीषण आमच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आली. वाटाड्याचं काम पंकजा करते आणि पगार तिला जातो. खेळात ती इतकी हुशार आहे की मी कधी कधी माझं शिलाई मशीन थांबवून बघत बसते. पण दिवसातून कधीही घंटा वाजते आणि कॅमेऱ्यासमोर मालकाने तोंड दाखवायचं असतं. वेळ ठरलेली नाही. उशीर झाला तर काम जातं. ही लबाडी कळली तरी जातं, आणि कधी कळेल या भीतीने पंकजा घंटेआधीच दचकते. आदिनाथ गल्लीच्या तोंडापर्यंत जातो आणि परत फिरतो. त्याच्या चुलतबहिणीच्या घरच्या वास्तुशांतीलाही मी एकटीच जाऊन आले. किती दिवस असं, हे मी विचारत नाही. विचारलं तर तो म्हणतो, "दावं मीच ठिवून घेतलं ना?"

बाजाराला आता मामांबरोबर बिभीषण जातो. पहिल्या दिवशी आदिनाथने खुंटीवरचं ते नवं उपरणं स्वतःच काढून त्याच्या खांद्यावर टाकलं आणि उगीचच टेम्पोमागे चार पावलं चालत गेला. बिभीषणाला जनावराची पारख आहे, मामा म्हणतात. हे ते आदिनाथसमोर म्हणत नाहीत.

परवाच्या बाजारात मामांनी आमची घरची म्हैस विकली. दुपारी परत आले, पाय धुतले आणि जेवायला बसले. हात मोकळे होते. मी टेम्पोत डोकावून आले, तिथेही काही नव्हतं.

"मामा, दावं?"

"दिलं."

"दिलं म्हंजी?"

"घेनाऱ्याला दिलं. म्हशीसंगं." भाकरी मोडताना त्यांचा हात थांबला नव्हता, पण शेजारी बसलेल्या लेकाकडे त्यांनी पाहिलं नाही. "हितनं म्होरं द्यायचंच."

 आदिनाथने घास उचलला. तेवढ्यात आतल्या खोलीत घंटा वाजली आणि पंकजाने हाक मारली, "दादा, तोंड."

घास ताटात ठेवून तो उठला.