गाठीचे माहेर

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर वादात कुणाला हार जाणारे नव्हते. हाताखालचे लोक पाठीमागे त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणत. त्या दुपारी मात्र थोरल्या बहिणीच्या दारावरची घंटा दाबताना त्यांच्यापाशी मांडायला बाजूच उरली नव्हती.

प्रकरण भाऊजींचे होते. घड्याळदुरुस्तीत हयात घालवलेल्या त्या माणसाला टेबलाच्या दोन्ही कडांवरचे स्क्रू दिसेनासे झाले, तेव्हा मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या देठाजवळ, गोटीएवढी गाठ सापडली. तिचा तुकडा आपणच तपासणार, असा डॉक्टरांनी हट्ट धरला. “गाठीचं माहेर शोधणं हाच माझा धंदा आहे, ताई,” असे बहिणीला ऐकवलेही. पेशींतले कोणते प्रथिन रंग धरते, त्यावरून गाठ मुळात कुठली हे कळते. आणि फुप्फुसाची खूण मानल्या जाणाऱ्या एका प्रथिनाने सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर गडद तपकिरी रंग धरला होता. भाऊजी चाळीस वर्षे सिगारेट ओढत आलेले. डॉक्टरांनी पाहिली काच, त्यांना दिसली सिगारेट. ‘फुप्फुसातून पसरलेला कर्करोग’ असे लिहून त्यांनी सही ठोकली.

“सर, केराटिनचं प्रथिनही रंगवून बघू या का?” सहकारी डॉक्टरबाईंनी चौथ्याच दिवशी विचारले होते. “फुप्फुसातली असेल तर ते रंगेल. हे पहिलं प्रथिन काय, त्या देठातल्या पेशींतही असतं. आणि छातीचं स्कॅन तर स्वच्छ आहे.”

“बाई, तुमच्या वयाइतकी वर्षं मी काचा बघतोय.”

“असेल सर. पण काचेला कुठं कुणाचं वय कळतं?”

टेबलाभोवतीचे चौघे हसले. त्या हशाने घात केला. बाईंचे म्हणणे खरे की खोटे हे पाहण्याऐवजी डॉक्टरांनी बाईंना दुसऱ्या कामाला जुंपले.

काल बाईंनी, कुणाला न विचारता, केराटिन लावलेली काच त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली आणून ठेवली. ती कोरी होती; केराटिनने रंग धरलाच नव्हता. गाठ त्या देठातलीच होती. दुर्मिळ, संथ वाढणारी, बहुधा शस्त्रक्रियेने निभावणारी. आणि सोमवारपासून भाऊजींच्या सबंध डोक्याला किरण द्यायचे ठरले होते! सुधारित अहवाल डॉक्टरांनी तत्काळ पाठवला, किरण थांबवले. पण दुरुस्तीच्या कारणापुढे लिहिले, ‘नवी माहिती उपलब्ध’.

दार ताईने उघडले. “ये बाळ्या. आत बसलेत आमचे धूरसम्राट. आज दोनदा माफी मागून झालीय.”

“तीनदा,” आतून भाऊजी म्हणाले. “एकदा तू अंघोळीला गेली होतीस.”

डॉक्टर उभ्या उभ्याच बोलले. “भाऊजी, नवी तपासणी आली. हा फुप्फुसाचा कर्करोग नाही. गाठ तिथंच उपजलीय. सिगारेटचा तिच्याशी काही संबंध नाही.”

भाऊजींनी चष्मा काढून डोळे पुसले. “बघ गं! आपला माणूस म्हणून पिच्छा पुरवला यानं. दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता.”

ते वाक्य डॉक्टरांना गिळता येईना.

“सही करून मोकळा झालेला मीच, भाऊजी. माझ्या हाताखालच्या बाईंनी दोन आठवड्यांपूर्वीच बजावलं होतं. चार लोकांत मी निरुत्तर झालो, म्हणून ऐकलं नाही.”

“दोन आठवडे?” ताई म्हणाली. “अरे, तेवढ्यात मी यांना काय काय बोलले, ठाऊक आहे? ‘जाणूनबुजून मला एकटी टाकताय’ म्हणाले मी. जेवताना मी पाठ फिरवून बसले.”

“ताई, मला माफ—”

“थांब,” भाऊजींनी हात वर केला. आवाजात राग नव्हता, हेच अवघड होते. “न केलेल्या गुन्ह्याची माफी मी अठरा दिवस मागतोय. मिळाली नाही. तुला एकाच दुपारी हवी? त्या बाईंची मागितलीस?”

“अजून नाही.”

“मग इथं काय करतोयस?”

डॉक्टर मान खाली घालून बाहेर आले. बूट चढवताना आतून ताईचा हलका आवाज आला, “अहो...” पुढचा शब्द ऐकायला आपण लेस हातात धरून थांबलो आहोत हे ध्यानात आले, तेव्हा त्यांना नव्याने लाज वाटली. लेस तशीच लोंबती ठेवून ते जिना उतरू लागले.