हरिसाला कुठे सोडायचं

हमादी काकाने आमच्या कुत्रीचं, हरिसाचं, नावसुद्धा विचारलं नाही, तेव्हाच माझं डोकं फिरलं. भुंकते का, एवढंच विचारलं. मग हातातली काठी मुद्दाम तिच्यापुढे आपटली. ती भुंकली तसा म्हणाला, "चालेल."

बाबाला हायसं वाटलं. आम्ही समुद्राकाठच्या सूस शहरात तिसऱ्या मजल्यावर राहायला चाललो होतो, आणि तिथल्या मालकाने कुत्रं चालणार नाही म्हणून आधीच बजावलेलं. तेव्हापासून बाबा जो भेटेल त्याच्या गळ्यात हरिसाला मारायला बघत होता. शेवटी कॅफेत कुणीतरी या काकाचं नाव सांगितलं. एल जेम गावाच्या रस्त्याला ऑलिव्हची मोठी बाग, मोकळी हवा, कुत्र्याची नुसती चैन. मला काही ते पटेना. ओळख ना पाळख, याला आमच्या कुत्रीचा एवढा पुळका कशाला? म्हणून कुणी न बोलावता मीपण गाडीत बसले.

काकाने ब्रेड आणि तेल पुढे ठेवलं. बाबा खायला बसला, मी बाग बघायला निघाले. झाडं ऑलिव्हनी लगडलेली, तोडणी तोंडावर आलेली. कोपऱ्यातल्या झाडाच्या बुंध्याला साखळी होती आणि भोवतीची माती गोल घासून गुळगुळीत झालेली. शेजारच्या झाडाखालीही तसंच गोल, त्यात गवत उगवलेलं. त्याच्या पलीकडे आणखी एक, जुनं, जेमतेम दिसणारं. कुत्रं मात्र कुठेच नाही.

परत येऊन विचारलं, आधीची कुत्री कुठे गेली?

"पळाली."

"साखळी तोडून?"

बाबाने डोळे वटारले. शाळेत एवढे प्रश्न विचारले असतेस तर आज घरी बसली नसतीस, म्हणाला. काका हसला. चोर रात्रीत अख्खं झाड झोडून नेतात, कुत्रं लागतंच, असं तो बाबालाच सांगत बसला.

"काका, तोडणी संपली की आम्ही हिला भेटायला येऊ?"

"तेव्हा कोण असतं इथे? घाण्यावरून तेल आलं की कुलूप लावून मी मुलीकडे जातो."

"आणि हरिसा?"

"कोण?"

बाबाचा घास हातातच राहिला. काकाने आमच्या दोघांकडे पाहिलं.

"अगं, सोडून देतो मी त्यांना, पोरी. बांधून उपाशी नाही मारत. कुत्र्याची जात, मिळतं काहीतरी रस्त्यावर."

बाबा उठला. हात पुसले, तेल चांगलं आहे म्हणाला, आणि गाडीकडे चालायला लागला. हरिसाला हाक मारली नाही, पण मागचं दार उघडं ठेवलं. मी तिला आत ढकललं आणि तिचा पट्टा धरून बसले.

गाडी रस्त्याला लागली. घरमालकाला काय सांगणार, मी विचारलं.

"बघू."

बाबाचं 'बघू' मला चांगलं माहीत आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निवडुंगाची कुंपणं, घर एकही नाही. एका वळणावर त्याने गाडी हळू केली आणि आरशात मागे पाहिलं. माझ्याकडे नाही, हरिसाकडे. मी पट्टा मनगटाला गुंडाळला.

"मीपण उतरेन," मी म्हणाले.

त्याने गिअर बदलला आणि गाडीचा वेग वाढवला.