दुसरी बाजू

मित्रांनो, जळगावात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जुन्या खेळांचे एक दालन आहे. तिथे खिडकीजवळ, कोपऱ्यात उभा असलेला जुना व्हिडिओ गेम म्हणजे मी. माझे वय आता तिसाच्या पुढे गेले आहे. माझ्या डाव्या कुशीचा रंग उडाला आहे आणि पडदा सुरू व्हायला थोडा वेळ घेतो. पण मी अजून चालतो.

माझा जन्म भुसावळचा. फारुखभाई नावाच्या सुताराने प्लायवूडचे माझे अंग बनवले. आत एका जुन्या रंगीत टीव्हीची काच बसवली. खेळाचे सर्किट मुंबईहून आले होते. फारुखभाईंनी त्याआधी फक्त कपाटे आणि पलंग बनवले होते. त्यांनी माझ्या कडा पॉलिश पेपरने इतक्या घासल्या, की खेळताना कुणाच्या मनगटाला लाकडाचे कुसळ लागू नये.

माझ्यातला खेळ होड्यांचा आहे. नदीतून दोन होड्या निघतात. खडक चुकवायचे, भोवरे चुकवायचे आणि पुढे जायचे. एकटा माणूसही खेळू शकतो, पण तिसऱ्या वळणावर एक लोखंडी दरवाजा आहे. तो उघडायला माझे दोन्ही लीवर एकदम ओढावे लागतात, आणि त्याच वेळी होडी स्थिर ठेवायला बटणही दाबून धरावे लागते. हे काम दोन हातांचे नाही. म्हणून दरवाजापलीकडे जायला नेहमी दोन माणसे लागत.

भुसावळलाच रेल्वे क्वार्टर्सजवळ रूपचंदभाऊंचे व्हिडिओ गेमचे पार्लर होते. तिथे माझी उमेदीची वर्षे गेली. तेव्हा माझ्यापुढे रांग लागे. जगदीश हा रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन होता आणि मोईजचे पंक्चरचे दुकान होते. दोघे तरुण होते, लग्ने व्हायची होती. जगदीशची ड्युटी सुटली की दोघे रोज संध्याकाळी यायचे. मोईजच्या बोटांचे काळे डाग माझ्या बटणांना लागायचे आणि रूपचंदभाऊ कुरकुरत ते पुसायचे. ते दोघे दरवाजा उघडत, तेव्हा सारे पार्लर माझ्याभोवती गोळा होई. मला तेव्हा वाटे, हे असेच चालणार.

मग जगदीशची बदली बडनेऱ्याला झाली. मोईज त्यानंतरही काही दिवस आला. एकटाच खेळायचा. दरवाजापर्यंत जायचा, थांबायचा आणि होडी खडकावर आपटेपर्यंत नुसता बघत राहायचा. रूपचंदभाऊ एकदा म्हणाले, "अरे, दुसऱ्या कुणाला घे जोडीला." मोईज म्हणाला, "घेईन भाऊ." पण त्याने कुणाला घेतले नाही. पुढे तो यायचा थांबला.

हळूहळू घराघरात खेळ आले, मग ते लोकांच्या खिशात आले. पार्लर बंद पडले. मला मागच्या खोलीत केळीच्या वेफर्सच्या खोक्यांमागे ढकलले गेले. तिथे मी बरीच वर्षे काढली. उंदरांनी माझ्या दोन वायरी कुरतडल्या. खोकी यायची, जायची. माझ्यावरून कुणी हातही फिरवत नव्हते. मित्रांनो, मोडून पडण्याची भीती मला फारशी वाटली नाही. आपण कशासाठी बनलो हे विसरून जाऊ, याची मात्र वाटायची.

तीन वर्षांपूर्वी मला इथे आणले, दुरुस्त केले. इथे तासाचे तिकीट असते. लोक हौसेने येतात. माझ्यापाशी उभे राहून फोटो काढतात, दोन मिनिटे होडी हलवतात आणि पुढच्या यंत्राकडे जातात. गर्दीत इतके एकटे वाटते, हे मला खोलीत कोंडलेला असताना ठाऊक नव्हते.

रोज सकाळी मात्र एक हात माझ्यावरून फिरे. तो सुगंधाबाईंचा. त्या साक्रीकडच्या डोंगरातल्या गावच्या. पावसावरची शेती पुरत नाही म्हणून नवऱ्याबरोबर जळगावात बांधकामावर आल्या. नवरा वारला, मुलगा कामासाठी सुरतेला गेला, आणि बाई इथे साफसफाईला लागल्या. पन्नाशी उलटलेली, बोलणे कमी आणि तेही गावाकडच्या बोलीत. फडके पिळून त्या आधी माझी काच पुसत, मग एकेक बटण, मग लीवर. पण बटण कधी दाबले जाऊ देत नसत. यंत्रांना हात लावायचा नाही, असे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. दुपारी केर काढताना त्या थांबून खेळणाऱ्यांकडे बघत, आणि कुणी वळून पाहिले की पुन्हा झाडू लागत.

गेल्या हिवाळ्यातल्या एका मंगळवारची गोष्ट. मंगळवार त्यांच्या सुट्टीचा. तरी अकराच्या सुमारास त्या दारात दिसल्या. अंगावर घडीचे पातळ होते, केसांना तेल होते. काउंटरवर पुनम बसली होती. दालनाचा सगळा कारभार तीच बघते.

"मावशी, आज सुट्टी ना तुमची? काही राहिलं का इथे?" तिने विचारले.

"काही नही राह्यनं. माले तिकीट दे."

"कुणासाठी?"

"मनासाठी. मीच खेळसू."

पुनमला वाटले, बाई थट्टा करताहेत. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला. "तिकीट कशाला, मावशी? तुम्ही तशाच जा ना आत."

"नको. तशी ते मी रोज येस," सुगंधाबाई म्हणाल्या. "आज तिकीट काढीसन जासू."

पुनमने मग तिकीट फाडले आणि कागदी पट्टा त्यांच्या मनगटावर, बांगड्यांच्या वर बांधला. बाई सरळ माझ्याकडे आल्या.

त्यांनी बटणावर बोट ठेवले. क्षणभर थांबल्या. मग दाबले. पहिल्या खेपेला होडी लगेच खडकावर गेली, दुसऱ्या खेपेलाही गेली. पण दोन वर्षे बघून त्यांना वळणे पाठ झाली होती. चौथ्या खेपेला त्या दरवाजापर्यंत पोहोचल्या. तिथे त्यांनी दोन्ही हात पसरून दोन्ही लीवर धरले. बटणाला हात उरला नाही. होडी वाहत जाऊन फुटली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. एकदा त्यांनी बटण कोपराने दाबून पाहिले.

मागे कॉलेजची चार मुले येऊन उभी राहिली. "आजी, झालं का? एक फोटो घ्यायचा होता," एक जण म्हणाला. बाई बाजूला झाल्या. मुलांनी माझ्याबरोबर फोटो काढला आणि ती गेली. बाई परत येऊन उभ्या राहिल्या. घड्याळाकडे पाहिले. वेळ थोडाच राहिला होता. माझ्या आतल्या तारा तापल्या होत्या. मला तो दरवाजा आपणहून उघडता आला असता तर मी उघडला असता. पण मी यंत्र आहे. दोन्ही लीवर ओढले गेल्याशिवाय मला काही करता येत नाही.

काउंटरवरून पुनम हे सारे बघत होती. ती उठून आली. "मावशी, जरा सरका," ती म्हणाली.

"तुले येस का?"

"नाही येत. तुम्ही सांगा."

"हाऊ धर," बाईंनी एक लीवर दाखवला. "मी तीन म्हनसू, तवय ओढ."

एक. दोन. तीन म्हणताच दोन्ही लीवर एकदम खाली आले. दरवाजा उघडला.

इथे आल्यापासून तो पहिल्यांदाच उघडला होता. पलीकडे खडक नाहीत, भोवरे नाहीत. नदी रुंद होते आणि दोन्ही होड्या शेजारी शेजारी चालतात. बस, एवढेच आहे तिथे.

"येवढं पानी," सुगंधाबाई हळूच म्हणाल्या. आणि बघत राहिल्या.

तास संपला. पट्टा काढताना त्यांनी पुनमला सांगितले, "पुढला महिनापाईन मी येवाव नही. पोऱ्या सुरतले बलाई ऱ्हायना. दोन वरीस पुसं, पन खेळनू नही. म्हनं एकदाव पाही लिऊ."

 मुलाकडे राहायला निघालेल्या बाईंना पुनम जिन्यापर्यंत सोडायला गेली. मग परत येऊन काउंटरवर बसली.

सुगंधाबाई गेल्या. आता सफाईला दोन माणसे येतात. काचेवर फवारा मारतात आणि पुसून निघून जातात. काम चांगले करतात, माझी तक्रार नाही. दुपारी दालन रिकामे असते. कुणी खेळत नसले, की माझ्या पडद्यावर नमुन्याचा खेळ आपोआप सुरू होतो. होड्या निघतात, खडक चुकवतात, आणि बघायला कुणी नसते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे सांगायला मी उभा नाही. मला पुसले नाहीत तरी चालेल. पण कधी कुठे कुणी एकटेच खेळताना दिसले, तर फोटोपुरते थांबू नका. खेळ येत नसला तरी चालेल. त्यांना विचारा, तेच शिकवतील. तुम्ही फक्त दुसरी बाजू धरा.