गेंड्याच्या डोळ्यांवरची पट्टी

मी पट्टी बोलतेय. आंधळ्या कोशिंबिरीत मुलं बांधतात ती नव्हे. मी गेंड्याच्या डोळ्यांवर बसते. केनियात, सांबुरू लोकांच्या मुलखातल्या राखीव रानात नऊ वर्षं माझी चाकरी झाली.

मुळात मी एका कोटाची पाठ. वनरक्षक लेतिमालोचा जाड लोकरी कोट बाह्यांत विरला, तेव्हा त्यानं पाठीचा तुकडा कापून बायकोपुढे, नासिएकूपुढे ठेवला. तिनं मला दुहेरी करून शिवलं आणि म्हणाली, "नवरा कुडकुडला तरी चालेल, गेंड्याची झोपमोड नको." लेतिमालो नुसता हसला. तिची शिवण मात्र अशी घट्ट, की मला आजही तिचा अभिमान वाटतो.

गेंड्याला गुंगीची सुई बंदुकीतून मारतात. तो आडवा होतो, पण डोळे उघडेच राहतात. ऊन आणि धूळ थेट बुबुळावर, त्यात भोवती माणसांची गर्दी. मग डॉक्टरबाई न्यांबुरा त्याच्या कानांत मोजे कोंबतात आणि डोळ्यांवर मला टाकतात. एवढं मोठं धूड, पण मी बसले की त्याची थरथर कमी होते. कुणाच्या पायातला काटा निघाला, कुणाच्या कानाला ओळखीची खूण पडली, कुणी दुसऱ्या रानात गेलं. कुणालाही मी माणूस दिसू दिला नाही.

पण सेरियानची गोष्ट वेगळी.

ती काळी गेंडीण, सोबत दोन वर्षांचं पिल्लू. चोरट्या शिकाऱ्यांनी लावलेल्या तारेचा फास तिच्या पुढच्या पायात रुतला होता. पाय सुजून खांबासारखा झालेला. आणखी आठवडा गेला असता, तर पाय सडलाच असता.

सुई लागल्यावर ती झाडीत पळाली आणि कोरड्या नदीपात्रात उतरून कोसळली. तिथं हत्तींनी पाण्यासाठी उकरलेला खड्डा होता. तिचं तोंड नेमकं त्यात गेलं. माणसं धापा टाकत पोचली, तेव्हा मला घाईघाईनं डोळ्यांवर टाकलं गेलं. मला खालून बुडबुडे ऐकू येत होते.

दोरखंड गाडीत, आणि गाडी पलीकडच्या काठावर अडकलेली. पाच जणांनी शिंग धरून ओढलं. डोकं हलेना. डॉक्टरबाईंनी गुंगी उतरवायची सुई भरली आणि म्हणाल्या, "बाबा, बाजूला व्हा. मी हिला उठवते. तार राहिली तर राहिली, जीव तरी वाचेल."

"त्या पायानं जगून काय करील ती?" लेतिमालो म्हणाला. "तार कापा. तोवर डोकं मी धरतो."

त्यानं मला डोळ्यांवरून ओढलं, पिळून दोरी केली आणि तिच्या जबड्याखालून घातली. एका टोकाला तिघं, दुसऱ्याला दोघं. तो स्वतः खड्ड्यातल्या चिखलपाण्यात उतरून जबड्याला खांदा देऊन उभा राहिला. माझा धागा न् धागा करकरला. एका कडेला मी टरकन फाटले, पण शिवण तुटली नाही. डोकं वीतभर वर आलं आणि तिनं नाकातलं पाणी फुत्कारून लेतिमालोच्या तोंडावर उडवलं.

तिचा डोळा उघडा होता आणि लेतिमालोकडेच लागला होता. त्यानं मोकळा हात उचलून डोळ्यावर धरला. माझी जागा त्या तळहातानं घेतली. मला राग नाही आला.

तार तुटली. जखम धुतली, औषध भरलं. मग कानाच्या शिरेत गुंगी उतरवायची सुई गेली आणि सगळे पळाले. लेतिमालो शेवटी निघाला, तोही लंगडत. मी मात्र राहिले. सेरियान उठली, तेव्हा मी फाटक्या कडेनं तिच्या शिंगाला अडकले होते. ती पिल्लाला हुंगून चालायला लागली, तीन पायांवर भार टाकत, आणि मी तिच्याबरोबर.

तीन दिवस मी तिच्या डोक्यावरून रान पाहिलं. जिराफ बाजूला व्हायचे. एकदा तरसानं वाट सोडली. तेव्हा मी ऐटीत फडफडले हे कबूल करते. चौथ्या दिवशी ती काटेरी झुडुपात शिरली आणि मी फांदीवर राहिले. माग काढत आलेल्या लेतिमालोला मी तिथंच सापडले.

नासिएकूनं मला पुन्हा सांधलं, पण मी आखूड झाले. गेंड्यांना आता पुरत नाही. त्यांच्यासाठी नव्या गुबगुबीत पट्ट्या आल्यात. राखीव रानाच्या मोठ्या साहेबांना मला कचेरीत काचेच्या चौकटीत लावायचं होतं. डॉक्टरबाईंनी मला उचलून सरळ औषधांच्या पिशवीत टाकलं. झेब्र्याला मी अजून बरोबर बसते.

एवढं मात्र सांगून ठेवते. झिजेपर्यंत मला वापरा, भिंतीवर टांगू नका.

सेरियान चार पायांवर चालते. गाडी दिसली की तिरसटून धावून येते आणि पाहुणे किंचाळतात. माणसाची तिला ओळख नाही, हे माझंच यश. फक्त एकदा, मी जागेवर नसताना, तिला एक माणूस दिसला. तो गळ्यापर्यंत चिखलात उभा होता आणि त्याच्या खांद्यावर तिचं डोकं होतं.